मशीनमधली खोट

टेलरकाकांनी दुकान बंद केलं, तसं मुलाने त्यांचं शिलाई मशीनही विकायला काढलं. काका नुसतं "बरं" म्हणाले. घ्यायला एक बाई आली, तेव्हा मात्र ते स्वतःहून एकेक खोट सांगत सुटले. "दोरा तुटतो. टाके सुटतात. चाक तर अडून बसतं, हट्टी गाढवासारखं!"

बाई खुदकन हसली. "काका, सकाळपासून चार मशिनं पाहिली. जो तो म्हणतो, नव्यासारखं आहे! खरं बोलणारे तुम्हीच एक भेटलात. दुरुस्तीचं मी बघून घेईन. मला हेच हवं."

मुलगा खुशीत टेम्पो बोलवायला धावला. काकांनी कपाळावर हात मारला. धडधाकट मशीन घरातच राहावं म्हणून बिचारे जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी खोटं बोलले होते.