पाइपाचा बाक

चुलीवर वाळू तापत होती आणि असानकुल प्लास्टिकच्या पाइपाच्या एका टोकात लाकडी बूच ठोकत होता. पाणी भिंतीखालून घरात येऊन वर नव्या नळाकडे वळायचं होतं, तर नेमका वळणावरचा एल्बो, काटकोनी जोड, सकाळी चिरला. नारीन शहरातून दुसरा यायला दोन दिवस. तोवर बाहेरचा पाइपाचा चर उघडा राहिला, तर उपसलेली माती गोठून जी दगड होणार, ती वसंतापर्यंत कुदळीला दाद देणार नाही.

आणि तेवढी सवड होती कुणाला? सून बातमा, तिचे दिवस भरत आलेले. गेल्या हिवाळ्यात गल्लीतल्या नळावरून बादल्या आणताना ती बर्फावर घसरली आणि पोटातलं गेलं. तेव्हापासून बादली वाजली की म्हाताऱ्याच्या काळजात धस्स व्हायचं. मुलगा रशियात कामाला, म्हणजे करायचं ते यालाच करायचं होतं.

“चाळीस वर्षं यूर्त-तंबूंच्या काठ्या वाकवल्या मी,” तो म्हणाला. “वाळुंजाचं लाकूड ऐकतं माझं, तर हे प्लास्टिक कोण लागून गेलंय?”

वाकताना पाइप चेपू नये म्हणून बातमाने गरम वाळू पळीपळीने त्यात भरली. त्याने दुसरं बूच बसवलं आणि पाइप निखाऱ्यांवर फिरवत राहिला. मऊ पडताच गुडघ्यावर घेऊन वाकवला. काटकोनापर्यंत आणला, आणि वर चांगला चार बोटं जास्त. काठी सोडली की थोडी मागे येते, तेवढं आधीच जास्त घ्यायचं, हे त्याच्या हातांत मुरलेलं. बातमाचे ओठ हलले. मग तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि खाली बघत राहिली.

पाइप गार झाला. त्याने हात सोडला. बाक जसाच्या तसा. लावून बघितलं, तर टोक नळापासून वीतभर लांब, चुलीच्या भिंतीत घुसत होतं.

असानकुलने पाइप बाजूला टाकला. “घ्या. होता नव्हता तो तुकडा गेला.”

बातमा हळूच म्हणाली, “आबा, प्लास्टिक लाकडासारखं मागे येत नाही. माहेरी काकड्यांच्या मांडवाला असल्याच पाइपाच्या कमानी वाकवायचो आम्ही.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग मघाशी काय दातखीळ बसली होती?”

“सासऱ्याला कसं सांगायचं?”

तो रागावणार होता, पण कुणावर? सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग चूक काढायची तर बातच सोडा. त्याच्याच घरची रीत, आणि नऊ वर्षं तिने ती निमूट पाळलेली.

“आता तरी सांग. संपलं का सगळं?”

“संपतंय कशाला? परत तापवा. तापलं की आपोआप सरळ व्हायला लागतं. मग हवं तेवढंच वाकवायचं.”

चुकलेली काठी सुधारायची अशी दुसरी संधी वाळुंजाने त्याला कधी दिली नव्हती. पाइप पुन्हा निखाऱ्यांवर गेला. या खेपेला बातमा शेजारी उभी राहिली. “अजून. अजून थोडं. बास, आबा. बास म्हटलं ना.”

तो थांबला. तिने ओल्या फडक्याने बाक गार केला. वाळू काढली, जोड आवळले, अंगणातली चावी उघडली. नळ खोकला, गढूळ थुंकला आणि मग नितळ धार लागली. असानकुलने बाकावरून बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत.

“पोरी,” तो म्हणाला, “नऊ वर्षांत आणखी काय काय चुकलं माझं?”

बातमाने किटली नळाखाली धरली.

“बसा, आबा. चहा टाकते. वेळ लागेल.”