साडेतीन मीटर रुंद ट्रक

"नुसतं स्वच्छ काढून द्या, मॅडम. वकील म्हणाले, जजसाहेबांना हे नीट दिसत न्हाय."

आरजूनं फाइल टेबलावर ठेवली. भवानी पेठेतल्या त्या एका खोलीच्या ऑफिसात कीर्ती एकटीच होती. घरांचे, गाळ्यांचे नकाशे ती कॉम्प्युटरवर काढून द्यायची. अपघाताचा नकाशा तिच्याकडं पहिल्यांदाच आला होता.

तिनं वरचा कागद उचलला आणि बराच वेळ बघत राहिली.

"वळसंगजवळचा रस्ता," ती म्हणाली.

"व्हय. ट्रक माझ्या भावाचा, अतीकचा. पोरगा मोटारसायकलवर समोरून आला. जागेवरच गेला बिचारा." आरजूनं ओढणी सारखी केली. "भाई तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावत न्हाय. पोरं शाळेतून येतात, तरी बोलत न्हाय. म्हणतो, मीच पलीकडं गेलो असेन. डोळ्यांवर ऊन होतं, काय कळलं न्हाय."

"पोलिसांच्या कागदात काय म्हटलंय?"

"तेच. तो पलीकडं गेला म्हणून."

रस्ता गावाकडचा. मधे पांढरा पट्टा नव्हता. रुंदी टेपनं मोजलेली, सात मीटर. धडकेची जागा मात्र वरून काढलेल्या फोटोवरून ठरवली होती. जवळच लग्नाचं शूटिंग चालू होतं, त्यांच्या ड्रोननं तो घेतला होता. ट्रकच्या बाजूच्या रस्त्याच्या कडेपासून साडेचार मीटर. म्हणजे अर्ध्या रस्त्याच्या पुढं पूर्ण एक मीटर.

"बसा," कीर्ती म्हणाली. "वेळ लागेल."

तिनं फाइलमधला तो फोटो स्कॅन करून कॅडमध्ये, नकाशे काढायच्या प्रोग्राममध्ये घेतला. फोटोला स्वतःचं माप नसतं. त्यातली एक खरी लांबी सांगावी लागते, मग बाकीचं सगळं त्या हिशेबानं लहान-मोठं होतं.

"ट्रकची लांबी किती?"

आरजूनं गाडीचे कागद काढले. "साडेआठ मीटर. रुंदी अडीच."

ट्रकच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत कीर्तीनं रेघ ओढली आणि आकडा दिला. फोटो त्या मापात बसला. धडकेची जागा बरोबर साडेचार मीटरवर आली. कागदात होती तशीच.

आरजूनं स्क्रीनकडं बघून मान खाली घातली. "म्हणजे खरंच आहे की."

नकाशा तयार होता. प्रिंट काढायची तेवढी बाकी होती. तिचा हात माउसवर तसाच राहिला.

मग तिनं ट्रकची रुंदी मोजली.

साडेतीन मीटर.

तिनं पुन्हा मोजली. तेवढीच आली.

"तुमच्या भावाचा ट्रक एवढा रुंद आहे?"

"न्हाय ओ. सगळ्यांच्या ट्रकासारखाच हाय."

कीर्ती खुर्चीत पुढं सरकली. रस्त्याची रुंदी मोजली. सात यायला हवी होती, नऊ मीटर ऐंशी आली. लांबी खरी आणि रुंदी खोटी, असं कसं? फोटो मोठा करून ती एकेक कोपरा बघत गेली. बांध, बाभळी, पत्र्याचं शेड. शेडच्या मागं विहीर होती. ती अंड्यासारखी दिसत होती.

"ही विहीर गोल आहे," ती म्हणाली.

"तुमी बघितलीय?"

"त्या रस्त्यानं जाणं-येणं असतं माझं."

तिनं विहीर आडवी मोजली, उभी मोजली, भागाकार केला. एक पूर्णांक चार दशांश पट. ट्रकच्या रुंदीतही तेवढाच फरक. रस्त्याच्या रुंदीतही तेवढाच.

"कुणीतरी हा फोटो कागदावर बसवताना आडवा ताणलाय. पान भरावं म्हणून ताणला असेल. मग लांबीवरून स्केल धरलं आणि त्याच स्केलनं रुंदी मोजली."

"मला कळेल असं सांगा की."

"थांबा."

तिनं फोटोची रुंदी तेवढीच कमी केली. विहीर गोल झाली. ट्रक अडीच मीटरवर आला, रस्ता सातवर. आता फक्त धडकेची जागा उरली होती. कीर्ती उठली, माठातलं पाणी प्याली, परत येऊन बसली. मग तिनं ती रेघ ओढली.

तीन मीटर एकवीस.

तिनं पुसलं आणि पुन्हा मोजलं. मग आणखी एकदा. आरजू तिच्या तोंडाकडं बघत होती.

"अर्धा रस्ता साडेतीनचा," शेवटी कीर्ती म्हणाली. "तुमचा भाऊ त्याच्या बाजूलाच होता. पलीकडं गेला नव्हता."

आरजू तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. "त्याला सांगू? आत्ता फोन करून सांगू?"

"सांगा."

आरजू बाहेर जाऊन फोनवर बोलत होती, तेव्हा कीर्तीनं सगळं क्रमानं लिहून काढलं. कुठली लांबी धरली, कुठं फरक पडला, विहीर कशी मोजली. प्रिंट काढून तिनं फाइलमध्ये लावली.

"कोर्टात तुमीच या, मॅडम," आरजू आत येत म्हणाली. "तुमच्यासारखं कुणाला सांगता येणार न्हाय."

"मी नको. वकिलांना सांगा, दुसऱ्या इंजिनिअरकडून पुन्हा मोजून घ्या. मूळ फोटोही मागवून घ्या. माझ्याकडं आलं, त्याच्याकडंही तेच येईल."

"पण तुमी का नको?"

"माझं तिथं चालायचं नाही."

आरजूनं तिचे दोन्ही हात धरले आणि दुवा देत जिना उतरली.

कीर्तीनं ऑफिसला कुलूप लावलं आणि वळसंगची एसटी पकडली. घरी पोचली तेव्हा दिवस अजून वर होता. तिची आई मनकर्णा अंगणात ज्वारी पाखडत होती.

"लवकर आलीस गं? बरं न्हाय का?"

कीर्ती चपला न काढताच तिच्यासमोर खाली बसली आणि तिच्या हातातलं सूप काढून बाजूला ठेवलं.

"आई, त्या ट्रकवाल्याला आता शिव्याशाप देऊ नको. मी स्वतः मोजून आले. आपला सिद्धांतच मोटारसायकल घेऊन त्याच्या बाजूला गेला होता."