फॉक्सप्रो येणारा माणूस

सलग चौथ्या रविवारी हर्षाली पुण्याहून पेठला आली आणि चपला काढल्या काढल्या बापाशेजारी लॅपटॉप उघडून बसली.

सुनीलराव मनातून हरखले. डेअरीच्या दूध संकलनाचा प्रोग्राम त्यांनी सत्तावीस वर्षांपूर्वी फॉक्सप्रो या कॉम्प्युटरच्या जुन्या भाषेत लिहिला होता, आणि अजून तोच चालत होता. ती भाषा येणारा दुसरा माणूस आता तालुक्यात नव्हता. सॉफ्टवेअर कंपनीत लागल्यापासून लेक चिडवायची, "आण्णा, तुमची भाषा कधीच मेली." तीच लेक आता एकेक ओळ विचारून घेत होती.

"बघा, आत्ता कळलं पोरीला बापाचं काम," निर्मलाबाई चहा ठेवत म्हणाल्या.

"अजून लई ठिकाणी चालत आसंल ना गं ही?" सुनीलरावांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"चालते ना. आण्णा, हे काय आहे? सगळ्या गावांना साडेआठची वेळ, एका गावाला साडेनऊ?"

"ते आहुपं. साडेआठनंतरचं दूध मशीन घेत न्हाई. पन आहुप्याची गाडी डोंगरातनं येती. तिथली साळुबाई एकदा उशीर झाला म्हनून परत केलेलं दूध घेऊन माझ्यापुढं आली, आन् माझ्या टेबलाखाली वतून गेली. बोलली काय न्हाई. त्याच दिवशी तासाची सूट लिवली मी."

हर्षालीनं टिपून घेतलं.

तेवढ्यात फोन वाजला. डेअरीचे मॅनेजर, बाळासाहेब.

"सुनीलराव, हर्षालीताईंचं आटपलं का? त्यांच्या कंपनीची सिस्टीम उद्यापासनं सुरू करतोय. तुमी आता आराम करा राव. हापिसाची किल्ली तेवढी वॉचमनकडं द्या."

सुनीलरावांनी फोन खाली ठेवला. चहावर साय धरली होती.

"तुझ्या कंपनीनं घेतलंय व्हय हे काम?"

"मीच मिळवून दिलं. दुसऱ्या कुणाला हा प्रोग्राम समजायला सहा महिने लागले असते. मी सरांना म्हटलं, माझ्या घरातच माणूस आहे." तिनं स्क्रीनवरून नजर उचलली. "मला टीम लीड केलंय, आण्णा."

निर्मलाबाई कौतुकानं हसल्या. मग नवऱ्याच्या तोंडाकडं बघून त्यांचं हसू मावळलं.

सुनीलरावांनी चहावरची साय बोटानं बाजूला केली.

"बरं झालं," ते म्हणाले. "आहुप्याचं तेवढं नव्यात नीट घाल. इसरू नको."

हर्षालीनं लॅपटॉप मिटला.

"नव्यात असल्या सवलती नसतात, आण्णा. कुठल्या कुठल्या काढायच्या, त्याचीच तर यादी करत होते."