पाठमोऱ्या

"यंदा काय म्हणतोय आपला मुलींचा संघ?" प्राचार्यांनी विचारलं आणि तलावाकाठच्या ओल्या फरशीवर बूट भिजू नयेत म्हणून ते चवड्यांवर उभे राहिले.

पोहण्याच्या प्रशिक्षक मॅडमना उत्तर पाठ होतं. मोसम तोंडावर आल्यापासून त्या झोपेतसुद्धा तेच गणित मांडत होत्या. रिलेच्या चौघी काठावर एकमेकींवर कितीही धुसफुसल्या तरी पाण्यात त्यांचं गूळपीठ असतं. बटरफ्लायवाली नवी मुलगी वळताना अजून गोंधळते, पण अंगात रग आहे. कप्तानची तर काळजीच नाही. काळजी होती ती तलावाच्या दुसऱ्या टोकाला, उंच फळीवर. सूर मारणारी संघात एकच मुलगी होती, आणि तिच्या गुणांशिवाय चषकाला लांबूनच नमस्कार करावा लागणार होता.

"ती सूर मारणार की नाही, तेवढं सांगा," प्राचार्य म्हणाले. "संध्याकाळी नावं पाठवायची आहेत. नुसतं फळीवर उभं राहायला मुलगी नेता येत नाही."

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. मागच्या मोसमात सूर मारताना फळीची कड तिच्या डोक्याला लागली होती. टाके केव्हाच निघाले, डॉक्टरांनीही हिरवा कंदील दाखवला. तरी ती, म्हणजे सगळ्यांची खारूताई, रोज वर जायची, टोकाला उभी राहायची आणि जिन्यानेच खाली यायची. पूर्वी जिना पळत चढायची म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं हे नाव आता त्यांनाच हाक मारताना अवघड वाटायचं. खाली येताना ती सोबत एक सबब आणायची. आज फळी निसरडी आहे. आज पाय भरून आलाय. मैत्रिणी शहाण्यासारख्या माना डोलवायच्या.

तिच्यावर दडपण नको म्हणून त्यांनीच एक रीत पाडली होती. ती वर चढली की सगळ्यांनी पोहणं थांबवायचं, कडेला धरून तिच्याकडे पाठ करायची, आणि कुणी वळून बघायचं नाही. मॅडमना ही रीत फारच पसंत पडली होती. सूर डोळ्यांनी नव्हे, कानांनी पारखायचा, असा त्यांचा तोरा होता. पोटावर आपटलेली मुलगी कोणती आणि पाण्याला न दुखवता आत शिरलेली कोणती, हे त्या पाठमोऱ्या सांगायच्या आणि सहसा चुकायच्या नाहीत.

खारूताई जिना चढू लागली, तशा सगळ्या वळल्या. मॅडम वळल्या आणि दंडाला धरून त्यांनी प्राचार्यांनाही वळवलं. तो भला माणूस निमूटपणे भिंतीवरचे तलावाचे नियम वाचू लागला.

फळी करकरली. मग बराच वेळ काहीच नाही. मॅडमनी शिट्टी तोंडात धरली, काढली, पुन्हा धरली. आणि मग पाण्यावर आवाज आला. बारीकसा, गोळीबंद. इतका सुरेख आवाज त्यांनी वर्षभरात ऐकला नव्हता. त्यांना भरून आलं.

"लिहा तिचं नाव, सर," त्या म्हणाल्या. "आणि कपाटात चषकाला जागा करून ठेवा."

मुली आरडाओरडा करत वळल्या. पाण्यात खारूताईचा अंग पुसायचा छोटा टॉवेल हळूहळू बुडत होता. खारूताई वरच होती, कोरडी ठणठणीत.

कुणी कुठे बघावं ते कुणाला कळेना. कप्तानला नको तेव्हा हसू आलं, ते तिने डोकं पाण्याखाली घालून बुडवून टाकलं. प्राचार्य घसा खाकरून म्हणाले, की असो, पुढच्या वर्षी बघू. मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी वर बघत शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं, की राहू दे बाळा, ये जिन्याने. मुली सवयीने पुन्हा पाठ करू लागल्या.

"पाठ नका ना करू," वरून आवाज आला.

मुली होत्या तिथेच थांबल्या.

"टॉवेल मी मुद्दाम टाकला. मला लागलं त्या दिवशीही तुम्ही अशाच पाठमोऱ्या होतात. तिकडे रिले चालली होती. मी पाण्यात हात मारत होते आणि तुम्ही टाळ्या वाजवत होतात. मला ऐकू येत होत्या."

ती भांडत नव्हती. कुठे काय ठेवलंय ते सांगावं, तसं सांगत होती. मॅडमच्या हातातली शिट्टी गळ्यातल्या दोरीवर लोंबकळली. त्या दिवशी एक आवाज आला होता खरा. तो त्यांनी नीट ऐकला होता, पोटावर आपटली वाटतं असं म्हटलंही होतं, आणि मान मात्र रिलेवरून हलवली नव्हती.

कप्तानने कड सोडली. तिच्यामागून एकेक जण फळीखालचं पाणी वेगळं करणाऱ्या दोरापर्यंत आली आणि दोराला हात टाकून, तोंड वर करून थांबली. खारूताई फळीवर मागे मागे गेली. धावत येऊन सूर मारायला लागतं तेवढं अंतर तिने पावलांनी मोजून घेतलं.

प्राचार्यांनी घड्याळ बघायला मनगट उचललं. मॅडमनी फळीवरची नजर न काढता ते खाली दाबलं.

"सर, वर बघा."