मेल्यावरचा डंख

कुरुंदवाडच्या शाळेत सुगराबाई फळ्यावर जेलीफिश काढून डंखपेशी शिकवत होत्या. "प्रत्येक पेशीत एक विषारी दोरा गुंडाळून ठेवलेला असतो. नुसता धक्का लागला, की तो सुटून अंगात घुसतो. जेलीफिश मेलेली असली तरीसुद्धा."

"मेलेलं कुठं डसतंय व्हय, बाई?" टपाल घेऊन आलेले गुंडूमामा शिपाई दारातूनच हसले.

बाईंनी लखोटा फोडला. मुख्याध्यापकपद नाकारलं होतं. दिवाळीत वारलेले हेडमास्तर जाण्याआधी बाईंच्या गोपनीय अहवालात शेरा मारून गेले होते: 'बाईमाणूस आहे. शाळा सांभाळणं जमणार नाही.'

बाईंनी कागदाची शांतपणे घडी घातली.


"डसतंय की, मामा. आन् डसायला मेंदू लागत न्हाय, तेवढं शिकवायचं राहिलं बघा."