पवित्र गुरुवारचा टॉवेल

यंदाही घंगाळातलं पाणी नितळच राहिलं, तशी पाळकसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रभू येशूने कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे धुळीने माखलेले पाय धुतले-पुसले, म्हणून पवित्र गुरुवारी पाळकांनी मंडळींचे पाय धुण्याचा हा विधी. आणि मंडळी आपली घरूनच साबणाने पाय घासून, वर पावडर लावून आलेली!

उपासना सुटल्यावर ते चर्चच्या अंगणात पत्नीपाशी करवादले, “कमरेला बांधलेला टॉवेल म्हणजे सेवेची खूण, हे सांगून सांगून घसा बसला माझा. अरे, धुवायला थोडा मळ तरी आणा!”

“खरंय,” म्हणत एस्तेरबाईंनी घंगाळ गुलाबाच्या आळ्यात उपडं केलं. त्यांचे पाय चिखलाने बरबटले. “अहो, द्या बरं तो टॉवेल. पाय पुसते.”

साहेबांनी पांढराशुभ्र टॉवेल झटकन छातीशी धरला.

“हा नको! मळेल ना!”