ओली फरशी

"आजोबा, गोटूला ओरडायचं नाही हं. खाल्लं की लगेच भुश्शाच्या ट्रेमध्ये न्यायचं, आणि काम झालं की एक शेंगदाणा द्यायचा," वसतिगृहात जाताना नात बजावून गेली होती. डुकराचं ते टीचभर पिल्लू आठवड्यात शिकलंही. तरी आज सकाळी आजोबांच्या खुर्चीपाशी फरशी पुन्हा ओली!

"बाबा, ही तिसरी वेळ," मुलगा कडाडला. "घाण करणाऱ्याला मी घरात ठेवणार नाही. आज दुपारीच पाठवतो त्याला."

"अरे, मुकं जनावर ते..."

"म्हणूनच. माणूस असतं तर सांगून तरी कळलं असतं."

गाडीवाल्याला फोन लावायला तो आत गेला. गोटू खुर्चीखाली अंग चोरून बसला होता. आजोबांनी मांडीवरची शाल घट्ट धरली. शालीखाली त्यांचा पायजमा ओलाचिंब होता.

'तू येशील तेव्हा गोटू इथंच असेल,' असा शब्द त्यांनी नातीला दिला होता. त्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली, आणि देवाचं नाव घेत, भिंतीला धरून, ते मुलाच्या खोलीकडे निघाले.